दहावी पुरचुंडी

औषधाच्या किंवा बुटांच्या खोक्यात जी छोटी कागदी पुडी निघते, तिच्यातले काचेसारखे मणी म्हणजे सिलिका जेल. हवेतली वाफ ते आपल्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवतात आणि बंद डब्यातली वस्तू कोरडी राहते. काही मण्यांवर निळे रसायन चढवलेले असते. ओल लागली की ते गुलाबी होतात. ते रसायन विषारी आहे, हे मी शाळेत प्रत्येक वर्गाला बजावून सांगत असे.

मुलगी बाळंत होऊन पवईला स्वतःच्या घरी गेली, तेव्हा श्रावण होता. पत्नीने भाजलेला ओवा आणि बाळंतशोपा मलमलीत बांधून नऊ पुरचुंड्या केल्या. रोज एक पाण्यात उकळायची आणि ते पाणी प्यायचे. ओवा सादळू नये म्हणून मी माझ्याकडच्या बाटलीतले निळे मणी उरलेल्या मलमलीत बांधून त्याच डब्यात ठेवले. मणी गळू नयेत म्हणून कापड दुहेरी घेतले. त्यातून रंग दिसणार नाही, हे ध्यानात आले नाही.

चौथ्या दिवशी जेवताना मी सहज म्हणालो, "माझी पुरचुंडी गुलाबी झाली का, विचार तिला."

पत्नीचा घास हातातच राहिला. "कसली तुमची पुरचुंडी? अहो, मी तिला सांगितलंय, कुठलीही टाक नि उकळ!"

मुलीचा फोन नुसता वाजत राहिला. बाळ झोपले की ती फोनचा आवाज बंद करते.

"जगाला शिकवलंत," पत्नी रडत म्हणाली, "एक चिठ्ठी चिकटवता नाही आली?"

मुलुंडहून मी रिक्षा केली. तीन पुरचुंड्या संपल्या असणार, आज चौथी. दहांतली एक माझी. हे गणित कांजूरपर्यंत मी पुन्हा पुन्हा मांडले. आईच्या पोटात जाईल ते बाळापर्यंत पोहोचेल, या विचाराशी आल्यावर मात्र गणित सुटेना.

मुलीने दार उघडले. "हळू बाबा, आत्ता झोपलाय."

मी थेट स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर पातेले होते. तळाशी पुरचुंडी, वर फिकट गुलाबी पाणी. शेजारी काठोकाठ भरलेला पेला.

"प्यायलीस?"

"गरम आहे अजून. पण बाबा, आजच्या ओव्याला वासच नाही. पाण्यात टाकल्या टाकल्या तडतडला. आई म्हणेल नखरे करते, म्हणून नाक दाबून पिणार होते."

मी पेला मोरीत ओतला. पेला निसटून तिथेच पडला. बाळ दचकून रडू लागले. मग मी खाली बसून डब्यातली प्रत्येक पुरचुंडी सोडली, हुंगली आणि पत्नीला फोन लावला.

"सापडली. प्यायली नाही ती. बाकी सहा ओव्याच्याच आहेत."



"परत मोजा," ती म्हणाली.

मी परत मोजल्या.