गोळी चालते, गोळी सुटते

माझी सध्याची पोस्टिंग कापेल आन डेन आयसेल. रॉटरडॅमला लागून असलेलं गाव. लेकीचा फ्लॅट, तिसरा मजला, खिडकीखाली कालवा आणि सायकलींची रांग. ड्यूटी हलकी आहे. सकाळी नातीला शाळेत सोडायचं, येताना दूध-ब्रेड आणायचा, दुपारी तिला परत आणायचं. मी मराठीत विचारतो, ती डचमध्ये उत्तर देते, आणि आमचं झकास जमतं.

मी पायदळाच्या एका पलटणीत आर्मरर होतो. सुभेदार म्हणून रिटायर झालो. आर्मरर म्हणजे हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. सिव्हिलियन लोक भेटले की पहिलं विचारतात, काका, किती जणांना उडवलंत? अहो, एकालाही नाही. आपली माणसं आपल्या हातातल्या हत्यारानं मरू नयेत, एवढंच माझं काम. एकदा मात्र एक हत्यार माझ्या टेबलापर्यंत आलंच नाही. आजवर मी हे घरातसुद्धा बोललो नव्हतो. गेल्या वसंतात इथे एक प्रसंग घडला आणि बोलावं लागलं.

माझे जावई निखिल पुण्याचे. इथे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादानं ते नेमबाजीच्या क्लबात जायला लागले. इथला कायदा कडक आहे. आधी क्लबची हत्यारं वापरून शिकायचं. मग पोलीस घरी येऊन तिजोरी भिंतीला बोल्टनं पक्की केली आहे का ते पाहणार. त्यानंतर परवाना. निखिलनी सगळं शिस्तीत केलं. आता क्लबातले एक जुने मेंबर आपलं रिव्हॉल्वर विकायला निघाले होते. बजेटवाल्या कंपनीचं, वापरलेलं, किंमत अगदीच कमी. निखिल खूश होते.

रश्मी, माझी लेक, खूश नव्हती. जेवताना तिनं विषय काढला.

"आबा, मला ते घरात नकोच आहे. पण निखिलनं इतकी मेहनत घेतली, मी आता मोडता घालत नाही. तुम्ही जाऊन बघा. तुम्ही चालेल म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर निखिल एक शब्द बोलणार नाही."

निखिलनी मान हलवली. झालं. दोघांनी आपापसात मिटवलं आणि ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं.

मला जायचं नव्हतं. वर्दी उतरवल्यापासून मी हत्याराला हात लावला नव्हता. गावाकडे सिक्युरिटी एजन्सीवाले दोनदा येऊन गेले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पण मी नाही गेलो असतो तर ते रिव्हॉल्वर न तपासताच माझ्या नातीच्या घरात आलं असतं. म्हणून गेलो.

शनिवारी सकाळी मेट्रोनं निघालो. क्लब एका जुन्या गोदामात आहे. मला फायर करायची परवानगी नव्हती, मी मागितलीही नाही. हातात घेऊन बघायला हरकत नव्हती, फक्त क्लबचा एक माणूस शेजारी उभा राहणार. बरोबर आहे. मी त्याच्या जागी असतो तर मीही उभा राहिलो असतो.

विकणारे गृहस्थ विलेम. माझ्याच वयाचे, उंच, बोटांची पेरं सुजलेली. त्यांनी आम्हाला बसवलं, कॉफी दिली, प्रत्येकाला मोजून एक बिस्किट दिलं आणि डबा बंद करून ठेवला. मी निखिलकडे बघितलं. निखिल हळूच म्हणाले, "आबा, इथे असंच असतं." माणूस मला आवडला. फौजेत असता तर स्टोअरकीपर म्हणून नाव काढलं असतं.

विलेमनी रिव्हॉल्वर फडक्यावर ठेवलं. मी पहिल्यांदा सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत का ते बघितलं. विलेम म्हणाले, रिकामं आहे. मी म्हणालो, "येस सर," आणि तरीही बघितलं. निखिलना जरा संकोच वाटला असावा. वाटू दे. समोर साक्षात जनरल बसला असला तरी मी हेच करतो.

स्वस्त म्हणजे वाईट, असं मी कधीच म्हणत नाही. बजेटच्या हत्याराला पॉलिश कमी असतं, कडा बोटाला लागतात, मशीनचे ओरखडे दिसतात. त्यानं माणूस मरत नाही. मी नळी उजेडाकडे धरून पाहिली. आत स्वच्छ. सिलिंडर बंद करून हलवून बघितलं, मागेपुढे खेळ जवळजवळ नाही. घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा मागचा हातोडा, हळूहळू मागे ओढत प्रत्येक घर नळीसमोर येऊन अडकतंय का ते ऐकलं. खट्, खट्, सगळी घरं वेळेवर. अवयव चांगले होते. कंपनीनं पैशापुरतं काम प्रामाणिकपणे केलेलं होतं.

मग चाप ओढला. फार हलका. बोट टेकवलं की काम झालं.

"हेच तर भारी आहे याचं," निखिल म्हणाले. "क्लबच्या रिव्हॉल्वरचा चाप ओढताना माझा हात हलतो. हे बटर आहे, आबा."

नव्या बजेट रिव्हॉल्वरचा चाप इतका हलका येत नाही. मी स्क्रूची डोकी बघितली. दोन स्क्रूंच्या खाचा बोथट झालेल्या. कुणीतरी घरच्या स्क्रूड्रायव्हरनं उघडलं होतं.

विलेमना माझं तोंड दिसलं असणार. ते डचमध्ये काही बोलले. दूट हेट, दूट हेट, असं दोनदा.

"काय म्हणतात?"

"चालतं म्हणतात. एकदम मस्त चालतं."

"चालतं ते मला दिसतंय, निखिल. त्यांना विचारा, सुटतं का?"

"म्हणजे मिसफायर?"

"ते उलटं झालं. चाप ओढूनही उडत नाही ते मिसफायर. मी सुटण्याचं विचारतोय."

आपल्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत. गोळी चालते तेव्हा तिच्यामागे माणूस असतो. गोळी सुटते तेव्हा कुणी नसतं. निखिलना कळेना, विलेमना काय सांगावं. मी म्हणालो, राहू द्या, दाखवतो.

क्लबच्या माणसाकडून डमी गोळ्या मागून घेतल्या. भरल्या. नळी समोरच्या रिकाम्या रेंजच्या टोकाला असलेल्या मातीच्या बांधाकडे केली. घोडा पूर्ण मागे ओढून अडकवला, चापावरचं बोट काढलं आणि अंगठ्यानं घोडा मागून पुढे ढकलला. चांगल्या हत्यारात तो हलत नाही, कितीही रेटा. इथे तो धाडकन पडला. पुन्हा केलं. पुन्हा पडला. घोडा आणि गोळी यांच्यामध्ये एक छोटी पट्टी असते. चापावर बोट नसताना ती घोड्याला गोळीपर्यंत पोचू देत नाही. घोडा मागे धरून फटीतून बघितलं, ती पट्टी जागेवर नव्हतीच.

तो आवाज ऐकला आणि मी डमी काढायचंही विसरून खुर्चीत बसलो. मी रिव्हॉल्वर खाली ठेवलं. निखिल म्हणाले, "आबा, पाणी देऊ का?" मी म्हणालो, "बसा. सांगतो."

तेव्हा मी हवालदार होतो. आमची कंपनी उत्तरेकडे डोंगरात होती. जागेचं नाव सांगत नाही. रोजचं काम ठरलेलं. पहाटे पेट्रोल, म्हणजे गस्तीचं पथक, निघायचं, निघण्याआधी प्रत्येक हत्यार माझ्या हाताखालून जायचं, दुपारी परत आलं की पुन्हा. पेट्रोलमध्ये नाईक दत्तू खोत असायचा. माझ्या शेजारच्या गावचा. रायफल दाखवताना रोज म्हणायचा, "बघा वस्ताद, हिची पत्रिका जुळतीय का." रोज तोच विनोद. मी रोज शिवी घालायचो आणि तो रोज हसायचा.

त्या दिवशी पेट्रोलला एका गुहेत लपवलेला साठा सापडला. कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी मला सिग्नल टेंटमध्ये बोलावलं. वायरलेस सेटवर पेट्रोल बोलत होतं, सेटवरचं त्यांचं नाव चार्ली टू.

"बेस, चार्ली टू. दोन रायफल, एक रिव्हॉल्वर. ओव्हर."

"कंडिशन काय? ओव्हर."

"रायफल ओके. रिव्हॉल्वर लोकल बनावटीचं, चालत नाही. चाप जाम आहे. ओव्हर."

"रिकामं केलं का? ओव्हर."

"सिलिंडर उघडत नाही. पण चालत नाही सर, काळजी नको. नाईक खोत बांधून घेतोय. ओव्हर."

मी म्हणालो, "साहेब, हात लावू नका म्हणावं. आहे तिथं ठेवा, मी येतो." साहेबांनी हँडसेट उचलला. ते बटण दाबणार एवढ्यात सेटच बोलला.

"बेस, चार्ली टू. कॅज्युअल्टी. वन कॅज्युअल्टी. खोत."

दत्तू दगडावर बसून ते कापडात गुंडाळत होता. ते मांडीवरून घसरलं आणि घोड्यावर पडलं. चाप जाम होता हे खरंच. पण सुटायला चाप लागत नाही. आमचा निरोप गेलाच नाही. हेलिकॉप्टर यायच्या आत दत्तू गेला.

ते रिव्हॉल्वर मी नंतर उघडलं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर साक्ष दिली. घोडा जिथे अडकतो ती खाच कुणीतरी कानशीनं घासली होती. चाप हलका व्हावा म्हणून. पुढे तो चाप जाम झाला ती गोष्ट वेगळी. इन्क्वायरीत अपघात ठरला. बरोबरच ठरला.

दत्तूला त्याच्या गावी मी घेऊन गेलो. सलामी झाली, सगळं रीतसर झालं. गर्दी पांगल्यावर त्याच्या आईनं मला जवळ बोलावलं. त्यांना आम्ही आक्का म्हणायचो.

"कुणी चालवली रं गोळी?"

"कुणी चालवली नाही, आक्का. सुटली."

"आपली आपण?"

"व्हय."

त्या म्हणाल्या, "आपली आपण काय सुटतंय व्हय? कुणीतरी केलं आसंल की."

शत्रूचं नाव सांगता आलं असतं तर त्यांना धरायला काहीतरी मिळालं असतं, मला तेही देता आलं नाही. पण त्या बरोबर बोलल्या होत्या. कुणीतरी केलं होतं. कानस मारणारा एक माणूस होता. त्याला मी कधी बघितलं नाही. इतकी वर्षं मी त्याला शिव्या घालत आलोय. माझ्या डोक्यात तो लाल डोळ्यांचा, दारू पिऊन काम करणारा, माणसाच्या जिवाची पर्वा नसलेला नालायक माणूस होता.

हे सगळं मी निखिलना सांगत होतो आणि ते थांबून थांबून विलेमना इंग्रजीत सांगत होते. आक्कांचं वाक्य निखिलनी दोनदा सांगितलं. क्लबचा माणूस भिंतीला टेकून उभा होता. पलीकडच्या रेंजवर फायरिंग चालू होतं.

मग विलेमनी स्वतःचा उजवा हात टेबलावर ठेवला, त्या सुजलेल्या पेरांसकट, आणि सावकाश इंग्रजीत बोलले. माझ्यासाठी म्हणूनच सावकाश.

"ते मी केलं. याची खाच घासली, घरामागच्या शेडमध्ये. माझ्या बोटांना चाप ओढवत नव्हता. आणखी थोडे दिवस क्लबला यायचं होतं. पट्टीही मीच काढली. मला वाटलं, चालतंय."

मी त्या हाताकडे बघत बसलो. मघाशी त्याच हातानं त्यांनी मला कॉफी दिली होती. मला राग आणायचा होता, आला नाही. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याचा चेहरा असा निघाला. म्हातारा, नीटनेटका, बोटं दुखणारा. डोंगरातल्या त्या दुसऱ्या माणसाचीही काही अडचण असेल. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून दत्तूपुढे लाज वाटली.

निखिल उठले. "विलेम, सॉरी. मी घेणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आबा, हे मी रश्मीला स्वतः सांगतो. तुम्ही नका सांगू." मी हो म्हणालो.

विलेमनी रिव्हॉल्वर उचलून क्लबच्या माणसाच्या हातात दिलं. कुणालाच विकणार नाही म्हणाले. पुढच्या आठवड्यात पोलिसांकडे जमा करून टाकतील. क्लबच्या माणसानं सिलिंडर उघडला, डमी काढल्या, पुन्हा एकदा बघितलं आणि पेटीला कुलूप लावलं.

आम्ही निघालो तर विलेम दारापर्यंत आले. निखिलना काहीतरी विचारलं.

"आबा, ते विचारतायत, त्यांचं नाव काय होतं? तुमच्या मित्राचं."

"नाईक दत्तू खोत."

विलेमनी ते म्हणून बघितलं. दत्तू जमलं नाही. खोत मात्र बरोबर म्हणाले. या लोकांचा ख घशातून येतो, आपल्यापेक्षा जड. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि मी सांगितल्यावर तिसऱ्यांदा, दत्तू नीट येईपर्यंत.

मला रडू आलं. मी तिथेच उभा राहून रडलो. निखिलनी माझा दंड धरला. विलेम हात जोडतात तसं काहीतरी करायला गेले, त्यांना ते जमेना, तेव्हा माझा हात हातात घेऊन उभे राहिले. त्यांची बोटं दुखत असणार. मी हलकेच धरली.