जोडलेली बातमी

मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीतल्या त्या ऑफिसात मी चार वर्षं काढली आणि चार वर्षांत स्वतः एकही बातमी आणली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नातेवाइकांत अजूनही 'ही आमची पत्रकार' अशीच माझी ओळख करून देतात. आमचं काम दुसऱ्यांच्या बातम्या गोळा करायचं. पेपरांच्या वेबसाइटवर सकाळपासून जे पडेल ते मशीन उचलून आणायचं, आणि मराठी डेस्कवरच्या आम्ही सहा जणी त्याच्या चार ओळी करून लोकांच्या मोबाइलवर सोडायचो. वाचणारा अंगठा फिरवून पुढे. आई म्हणायची, लोकायच्या घरचं पीठ आणून पोया लाटतं वं तू. खोटं नव्हतं ते.

त्यातलं एक काम जोडणीचं. एकच बातमी पाच पेपरांत आली की एक वर ठेवायची आणि बाकीच्या तिच्याखाली जोडून टाकायच्या. वर आमच्या चार ओळी, खाली बारीक अक्षरात 'आणखी चार ठिकाणी वाचा'. खालचं कोणी उघडत नाही. मीच कधी उघडलं नाही, तर लोकांना काय नावं ठेवू. या दोन बातम्या सारख्या दिसतात असं मशीन सुचवायचं आणि आपण फक्त हो म्हणायचं. दिवसभर इतक्यांदा हो म्हणून झालेलं असायचं की घरी नवऱ्याने काही विचारलं तरी न ऐकताच माझं हो जायचं.

असंच एकदा मशीनने दोन अपघात समोर आणून ठेवले. खापरखेड्याकडच्या रस्त्यावर, एकाच वळणावर, ट्रक आणि दुचाकी, तरुण ठार. पहिला आदल्या दिवशी सकाळचा, दुसरा त्याच संध्याकाळचा. पोरं दोन होती, घरं दोन होती. मथळे मात्र जवळपास सारखेच, आणि माझ्यासमोर अजून पन्नासेक बातम्या तुंबलेल्या. आत डोकावायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी हो म्हटलं. संध्याकाळी गेलेला पोरगा सकाळी गेलेल्याच्या खाली जाऊन बसला आणि मी डबा उघडायला उठले.

महिनाभराने रिसेप्शनवरून एक फोन मराठी डेस्कला जोडून दिला. दुसऱ्या पोराचे वडील. पॉवर स्टेशनातून रिटायर झालेले, तिथल्याच कॉलनीबाहेर घर बांधून राहिलेले. मला वाटलं आता शिव्या पडणार, आणि मी 'सर, हे सगळं ऑटोमॅटिक असतं'ची तयारी केली. पण माणूस शांत होता. त्यांनी सगळं नीट सांगितलं. मुलगा आधी पुण्याला नोकरीला, मग बंगलोरला, तेव्हा सुटीवर घरी आलेला. मित्र सगळे तिकडचे, पेपर कोणी घेत नाही, गावाकडचं जे कळतं ते आमच्या ॲपवर. त्या मित्रांनी अपघात वाचला, वर दुसऱ्याच पोराचं नाव पाहिलं आणि सोडून दिलं. तेरवीला त्यातलं कोणी आलं नाही. यांना वाटलं, शहरातली पोरं, विसरली. आणि मग एक दिवस मुलाच्या बंद फोनला कंटाळून एका मित्राने घरच्या नंबरवर फोन केला. लग्न ठरलं होतं त्याचं. म्हणाला, काका, त्याला म्हणावं आठ दिवस आधी ये, नुसतं जेवायला येऊ नको.

"त्याले मले सांगा लागलं," ते म्हणाले. "मंग अजून एकाचा आला. मंग अजून एकाचा. एकेकाले सांगून थकलो मी, मॅडम. माह्या पोराची बातमी येगळी करून टाका ना. वाचतीन ते. मंग मले नाई सांगा लागणार."

एवढंच मागणं होतं. माफीही नको होती त्यांना. मी म्हटलं, काका, करते. आणि फोन लवकर ठेवता यावा म्हणून माझा मोबाइल नंबर देऊन टाकला. आमच्याकडे कोणाला वाटेला लावायचं असलं की आपण फार मायेने वागतो, तसं.

मला करायचं होतं, हे खरं. पण दोन दिवसांहून जुनी बातमी आमच्याकडून उघडत नसे. त्यासाठी बंगलोरच्या मुख्य ऑफिसला फॉर्म भरून पाठवायचा, तिथलं कोणीतरी कारण विचारणार, आणि कारण काय लिहायचं तर 'चूक माझी'. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या मंडळींना खापरखेडा कुठे आहे हे समजावण्यापासून सुरुवात. नव्याने चार ओळी लिहून सोडायचीही सोय होती, पण जुन्या बातमीला रोजच्या तपासणीत कोणीतरी अडवलंच असतं. आज करू, उद्या करू. दर आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन यायचा. ओरडणं नाही, काही नाही. "बाई, सकाळीच पाहिलं, अजून नाई दिसून राहिली." मॅडमची बाई झाले होते मी तोवर. मी दरवेळी म्हणायची, काका, पाठवलंय वर, होईल. काहीही पाठवलेलं नव्हतं. पुढे पुढे तो नंबर पाहिला की मी फोन वाजू द्यायची. मनात म्हणायची, गा बाबा, काहून माह्याच मागे लागला तू. लाज वाटते आता, पण म्हणायची.

मग एका सोमवारी सगळ्यांना मीटिंगला बोलावलं आणि पडद्यावरून एका गोड आवाजाच्या माणसाने सांगितलं की सेवा बंद होते आहे. महिनाअखेर शेवटचा दिवस. कोणी रडलं नाही. खरं सांगते, मला पहिल्यांदा हलकंच वाटलं. इतकी थकले होते मी लोकांची मरणं आणि मंत्र्यांचे दौरे चार-चार ओळींत कोंबून. वाईट नंतर वाटलं, घराच्या हप्त्याची आठवण झाल्यावर.

शेवटच्या आठवड्यात तपासणी बंद झाली. बंगलोरची निम्मी माणसं आधीच गेलेली. आम्ही काय सोडतो ते पाहणारं कोणी उरलं नव्हतं. हाच मोका होता. त्या पोराच्या चार ओळी लिहायच्या आणि सगळ्यात वर ठेवून द्यायच्या, दिवसभर. माझं ठरलंही. पण सोमवारी मी माझा बायोडेटा नीट करत बसले. मंगळवारी एका मैत्रिणीने धंतोलीतल्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसायचं काम आहे म्हणून सांगितलं, तर तिकडे जाऊन आले. बुधवार, गुरुवार असेच गेले. शुक्रवार शेवटचा. म्हटलं, आज. दुपारी म्हटलं, केक झाल्यावर करते.

केक आला, समोसे आले, ग्रुप फोटो झाला, सगळ्यांनी एकमेकींना भेटत राहू म्हटलं. हात पुसून जागेवर आले तर स्क्रीनवर पासवर्ड मागत होतं, आणि माझा पासवर्ड चालत नव्हता. सहा वाजेपर्यंत चालणार सांगितलेलं सगळं त्यांनी चारलाच बंद केलं होतं. मी दोनदा, तीनदा टाकून पाहिला. शेजारची म्हणाली, सोड ना, आता कोण वाचणार आहे. मी पर्स उचलली.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. मी पोहे टाकत होते. या वेळी उचलला, का ते माहीत नाही. त्यांचं ॲप उघडत नव्हतं, इंग्रजीत काहीतरी लिहून येत होतं. मी म्हटलं, काका, ते बंद झालं, कायमचं. तेवढ्यावर मला थांबवेना आणि मी बोलून गेले, "पण शेवटच्या दिवशी टाकली होती तुमची बातमी. तुम्ही पाहिली नसेल."

"टाकली?" त्यांचा आवाज एकदम बदलला. इतक्या महिन्यांत मी त्यांना खूश झालेलं ऐकलं नव्हतं. "म्हंजे वाचली असन पोरायनं. काय लिहिलं होतं, बाई?"

आता वेळ मारून न्यायची म्हणजे बातमी तोंडी रचणं आलं. चार वर्षं दुसरं केलं काय होतं मी. त्यांच्या पोराचं नाव मला आठवलं, त्याचं मला बरंच वाटलं. मी नाव घेतलं, रस्ता सांगितला, वळण सांगितलं. म्हटलं, कामावरून घरी परतत असताना ट्रकने धडक दिली.

"नाई," ते हळूच म्हणाले. "परतून राहिला तो दुसरा होता, सकायचा. रातपाळी करून. माहा तर घरून निघाला होता, संध्याकायी, स्टेशनवर तिकीट काढाले. फाटक मीच लावलं त्याच्यामागं."

कढईतले पोहे खाली लागायला लागले होते. मी गॅस बंद केला.

"काका," मी म्हटलं, "मी टाकलीच नाही बातमी."

त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांच्याकडे कुठेतरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते मला काही बोलतच नव्हते, स्वतःशीच हिशोब लावत असल्यासारखे म्हणाले, "म्हंजे आता मलेच सांगा लागन, एकेकाले."