वेणीची पट्टी

आमच्या आईच्या हातात क्रोशाची सुई असली की तिच्या वाटेला जाऊ नये. ब्लँकेटसाठी ती उठावदार वेणीची पट्टी विणत होती. अकरा ओळी झाल्यावर तिला तिसऱ्या ओळीत एक चुकलेला टाका दिसला. तिने तिथपर्यंत सगळं उसवलं.

"अगं, कुणाला कळणार आहे?" बाबा म्हणाले.

"मला!" आई डाफरली.

पट्टी पुरी झाली त्या दिवशी मोठी काकू आली. घरातल्या सगळ्या बायकांना क्रोशा तिनेच शिकवलेला, आणि चूक काढल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नाही. तिने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली, वेणीवरून बोट फिरवलं. चहा पार निवून गेला. शेवटी पिशवीतून आपली सुई काढून ती आईच्या शेजारी सरकली.

"कशी घातलीस गं ही वेणी? मला शिकव."