जर्मन व्हाया हिंगोली

आमच्या ऑफिसातली रद्दी दर दिवाळीला निघते. किस्से मात्र रद्दीवाला उचलत नाही! ते साठतच जातात, आणि दरवेळी सांगताना थोडे फुगतात. त्याला माझा इलाज नाही.

हिंगोलीत बसस्टँडमागं आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी कागदांचं भाषांतर करतो, मागच्या खोलीत सुलभाताई जर्मन शिकवतात. जर्मनीत नर्सची नोकरी धरायची तर तिथली भाषा यावी लागते, म्हणून खेड्यापाड्यातल्या नर्स पोरी त्यांच्याकडं येतात. मधली भिंत प्लायवूडची. त्यामुळं मलाही फुकटात जर्मन आलं!

*

एक रिटायर्ड गुरुजी मराठी अर्ज घेऊन आले. इंग्रजी करून पाहिजे होता. मी करून दिला. गुरुजींनी पानं मोजली, चष्मा काढला.

"मराठीत तीन पानं होती. हे दोनच हाय. एक कुठं गेलं?"

"गुरुजी, इंग्रजीत कमी जागेत बसतं."

"मी चाळीस वर्षं कॉप्या धरल्या. मला शिकवता काय?"

मी आत गेलो, अक्षर मोठं केलं, दोन ओळींमधलं अंतर वाढवलं, तीन पानं काढून आणली. गुरुजींनी एक शब्द न वाचता मान डोलावली.

"आता कसं बराबर भाषांतर झालं!"

*

आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका दुकानदारानं फवारणीचे पंप मागवले. सोबतचं माहितीपत्रक चिनी. मला चिनी येत नाही, पण आलेल्या गिऱ्हाइकाला 'येत नाही' म्हणायची आपल्याला सवय नाही. चित्रं बघून बघून मराठी लिहिलं. शेवटी ओळभर जागा उरली, म्हणून घातलं : 'फवारणी झाल्यावर हातपाय स्वच्छ धुऊन पंपास नमस्कार करावा.'

पुढच्या हंगामात गोरेगावला गेलो, तर बांधावर एक शेतकरी पंपासमोर हात जोडून उभा!

"हे काहून वो?"

"कंपनीनं लिहून दिलंय. आमच्या शेजाऱ्यानं न्हाई केला, महिन्यात त्याचा पंप बंद पडला!"

*

नरसीला हळद बघायला एक परदेशी पाहुणा आला. दुभाषा मी. जेवायला बसलो. तिसऱ्या पोळीनंतर पाहुण्यानं मला विचारलं, "पुरे कसं म्हणायचं?"

मी म्हणालो, "म्हणून उपयोग नाही. ताटावर दोन्ही हात आडवे धरा."

त्यानं धरले. यजमानांनी अगदी प्रेमानं त्याच्या हातावर पुरणपोळी ठेवली आणि वरून तूप सोडलं!

पाहुणा कोपरापर्यंत ओघळणारं तूप बघत म्हणाला, "तुम्ही त्यांना नीट सांगितलं नाही."

"सांगितलं. त्यांनी मान्य केलं नाही!"

*

सुलभाताईंच्या पुस्तकात 'माझे कुटुंब' हा धडा आहे. आई, बाबा, एक पोरगं आणि कुत्रं. साखरा गावच्या वंदनानं चित्र निरखून बघितलं.

"ताई, बाकीचे कुठं गेले?"

"इतकेच आहेत."

"वेगळे निघाले असतील. लई भांडणं झाली असतील बाई."

मग तिला स्वतःचं कुटुंब सांगायला लावलं. ती विसावर अडली.

"ताई, आकडे वीसपर्यंतच झालेत. चुलत्याकडचे सोडून देऊ का?"

*

हीच वंदना. दोन वर्षं रोज सकाळच्या जीपनं आली. जर्मनीतल्या एका दवाखान्यानं कॉम्प्युटरवर मुलाखत ठेवली. आधीच्या दोन मुलाखतींत ती नापास झालेली. सासऱ्यांनी, म्हणजे किसनरावांनी, सांगून टाकलं होतं : ही शेवटची. न्हाई झालं तर जर्मनी बंद.

मुलाखतीच्या दिवशी किसनराव स्वतः सोबत आले आणि कॉम्प्युटरच्या पलीकडं खुर्ची टाकून बसले.

पडद्यावर जर्मन मॅडम आल्या. हसल्या. नमस्कार केला. नाव विचारलं.

वंदना गप्प!

मॅडमनी पुन्हा विचारलं. वंदनानं ओढणी डोक्यावर घेतली आणि मान खाली घातली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासऱ्यासमोर तिनं आजवर एक शब्द काढलेला नव्हता. त्यांच्या घरची रीतच तशी. सासऱ्याला चहा विचारायचा तरी सासूमार्फत!

मी माइक बंद केला. "किसनराव, तुमी जरा बाहेर बसा."

"न्हाई. सून कोणाच्या हवाली करून राहिलो ते मला ऐकायचंय."

"तुमाला जर्मन कळतं?"

"आवाजावरून माणूस कळतो."

"अहो, तुमी समोर हायेत तवर ती बोलणार न्हाई. दोन वर्षं वाया जातील तिची!"

पडद्यावर मॅडम घड्याळ बघायला लागल्या. किसनरावांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा सुनेच्या वाकलेल्या मानेकडं. मग उठले, वंदनाच्या मागं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि भिंतीकडं तोंड केलं. खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेऊन पार हनुवटीपर्यंत ओढला.

रुमालातून आवाज आला, "मी न्हाईच हितं. बोल म्हणा तिला."

मी माइक चालू केला. आणि वंदना जी सुटली! पेशंट पडला तर काय करायचं, नातेवाईक ओरडले तर काय करायचं, सगळं खडाखडा. वीस मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, "तुमची निवड झाली. कधी येता?"

वंदनाचे डोळे भरले. किसनराव तसेच, रुमालात.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. "एक विचारू? मागं तोंड झाकून बसलेले ते गृहस्थ कोण?"

वंदनानं मागं वळून बघितलं. क्षणभर विचार केला आणि चक्क शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं,

"माझे सासरे. आमच्यात ते सुनेसमोर बोलत नाहीत."

रुमाल हलला. "काय म्हणली वो?"

मी म्हणालो, "तुमची ओळख करून दिली."