अंड्याभोवतीचं पाणी

मी थँक्यू म्हणाले. तोंडभरून. एवढी पिकलेली बाई, आणि अक्कल बघा.

लखनऊच्या महानगर भागातलं क्लिनिक. शेजारी नात बसलेली, खाली मान घालून. तिची अंडी काढली होती. फॉलिकलमध्ये, म्हणजे अंड्याच्या पिशवीत, अंड्याभोवती जे पाणी असतं, तेही तपासलं होतं. त्यात हार्मोनची पातळी बरोबर नाही, अंडी कमजोर, असं डॉक्टरीणबाई नुकत्याच म्हणाल्या होत्या. मूल हवं तर दुसऱ्या बाईचं अंडं घ्या.

मग काउंटरवरची मॅडम माझ्याकडे झुकली. "फ़िक्र मत कीजिए आंटीजी. डोनर अच्छे घर की मिलेगी. कोई एससी-वेससी नहीं."

आणि मी थँक्यू म्हणाले.

आम्ही एससी. नागपूरकडचे बौद्ध. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी लखनऊला आलो, तेव्हा शेजारणीने विचारलं, "मराठी हैं? तो पंडित होंगे." पंडित म्हणजे तिकडे बामण. मी हो म्हणून मान हलवली. झालं! ही नवी पंडितीण करवा चौथला गच्चीवर चाळणी घेऊन उपाशी उभी, आणि खाली आमचे साहेब मटण-भात हाणून ढेकर देतायत. जन्मभर मान हलवत राहिले.

त्या दिवशी नातीने वर पाहिलं. माझ्याकडे. मग फाईल उचलून बाहेर पडली. घरी कणीक मळताना मला माझाच आवाज ऐकू यायचा. थँक्यू. नळ सोडला की, थँक्यू. न झालेलं पोर समोर येऊन बसायचं. विचारायचं, पणजी, तू कुणाला नको म्हणालीस?

त्या एवढ्याशा पाण्यात डॉक्टरला हार्मोन सापडले. जात नव्हती सापडली. ती मॅडमने बाहेरून आणली, आणि मी ओटीत घेतली.

पुढच्या खेपेला मीच आधी काउंटरवर गेले. "मॅडम, डोनर की जात हमें नहीं चाहिए. जिनसे आप हमें बचा रही थीं, वो हम ही हैं."

ती हसली. "अरे आंटीजी, आप लोग लगते तो नहीं!"

याच वाक्यासाठी मी जन्मभर उपाशी राहिले होते. आज मिळालं, आणि थुंकावंसं वाटलं.

"लगते हैं," मी म्हणाले. "ठीक से देखिए."

नात मागेच उभी होती. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र हिंदीतच. जिन्यात माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "आजी, बच्चा हो या न हो, आज से फ़ोन उठाओगी तो जय भीम बोलकर. पड़ोस वालों का हो, तब भी."