झुंबरनं अडवलेला डाग

कळस गावची झुंबर भांडखोर नव्हती, पण एकदा तिच्या मनानं घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

१९३४ सालची गोष्ट. लिंबं तोडताना तिच्या नवऱ्याच्या, सावळारामच्या बोटात काटा मोडला. बोट टरारून सुजलं, तांबडी रेघ कोपरापर्यंत चढली, काखेत अवधाणाची गाठ आली आणि ताप भरला. अवधाणावर गावात एकच उपाय, तापल्या विळ्याचा डाग. आणि त्यात चुलतसासरे आप्पांचा हात धरणारा कुणी नव्हता. झुंबरनं मात्र नवऱ्याला गाडीत घालून बारामती गाठली.

तिथल्या रघुनाथ डॉक्टरांनी बोट चिरून पू काढला. गाठीला हातसुद्धा लावला नाही.

"अन् गाठ, डाक्टरसायेब?"

डॉक्टरांनी पुवाचा थेंब काचेवर रंगवला आणि तिला सूक्ष्मदर्शकापाशी उभं केलं. तिला गोल गोल पेशी दिसल्या, त्यांच्या पोटात निळे ठिपके.

"ठिपके म्हणजे जंतू. त्यांना गिळणाऱ्या पेशी रक्तातून धावत येतात, लढून मरतात, त्याचाच पू होतो. मागून मोठ्या पेशी येऊन मेलेल्यांना उचलतात. रक्तातला रस जंतूंना माखतो, मग ते गिळायला सोपे जातात. यातूनही निसटून वर गेलेल्यांना काखेतली गाठ अडवते. म्हणून ती सुजते."

"मंजी गाठ आपल्या बाजूची हाय?"

"आपल्याच बाजूची. तिला भाजू नका. बोटाला शेक द्या, हात हलू देऊ नका. याहून जास्त औषध माझ्यापाशी नाही, बाई."

घरी आल्यावर ताप आणखी चढला. आप्पांनी विळा चुलीत घातला. "सूनबाय, बाजूला हो. पोरगं हातचं जाईल!"

नवरा दगावला तर सारं गाव आपल्यालाच खाणार, हे झुंबरला पक्कं ठाऊक होतं. तरी ती बाजेला पाठ लावून बसली. "आप्पा, आत समदी कामाला लागल्यात. त्यास्नी काम करू द्या. डाग द्यायचाच तर आदी मला द्या."

छाती लागते असं बोलायला! आप्पांनी विळा आपटला आणि तोंड फिरवून निघून गेले. झुंबर शेक देत राहिली. ना तिनं अन्नाला हात लावला, ना डोळ्यातून टिपूस काढलं.

अखेर सावळारामला घाम सुटला, ताप उतरला. त्यानं भाकरी मागितली. आप्पा दारात येऊन उभे राहिले. "खाल्ली का त्यानं?"

"व्हय."

म्हातारा उंबरा ओलांडून आत आला.

"अन् तू?"

तेव्हा कुठं झुंबरला रडू फुटलं.