पावणेदोन लाखांचा समुद्र

वरोरची चंद्रावती मसोलीतल्या एका मोबाइलच्या दुकानात जाऊन आपल्या बुडालेल्या नवऱ्याला भेटते, अशी कुजबुज डहाणूच्या मासळी बाजारात उठली होती. फोनही असातसा नव्हे, सव्वा लाखाचा. स्वस्तातल्या फोनात मेलेली माणसं दिसत नाहीत, अशी पुस्ती सांगणारीनं वर जोडली होती. सांगणारी कोण ते विचारायला नको. बाजारात चंद्रावतीच्या शेजारी पाटी लावणारी लाडकी. लाडकीच्या तोंडात मिश्री तासभर टिकते, बातमी टिकत नाही.

पण चंद्रावती त्या दुकानासमोर उभी राहायची, एवढं तर सगळ्यांनीच पाहिलं होतं.

ती सुक्या मासळीची बाई. मुलगा प्रवीण होडीवर जायचा, बोंबील आणायचा. चंद्रावती आणि सून भाविका दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या मांडवावर टांगायच्या. वाऱ्यावर ती चंदेरी झालर दिवसभर हलत राहायची. मग सुकलेला माल निवडायचा. चंद्रावती बोंबील हातात घेऊन नुसता वाकवायची आणि त्याचा आवाज ऐकायची. डोळे तिकडे असले काय नि नसले काय! पावसाळ्याच्या तोंडावर सायवनकडच्या बायका बेगमीला यायच्या, तेव्हा ती त्यांना आवाजावरून ओळखायची आणि नाव घेऊन हाक मारायची. बायका खूष व्हायच्या. म्हातारीला किती लक्षात राहतं!

बाजार उठला की रिक्षा मिळेपर्यंत ती मसोलीतल्या जिग्नेशच्या मोबाइलच्या दुकानाच्या सावलीत थांबायची. त्या काळात तिचं जग फार मऊ झालं होतं. दिव्यांभोवती फुलं उमलायची. थर्मल वीजकेंद्राची एवढी थोरली चिमणी, पण तीसुद्धा दुपारच्या हवेत साखरेसारखी विरघळून जायची. संध्याकाळी किनाऱ्यावर होड्या यायच्या त्या आधी नुसत्या सावल्या असायच्या, मग आवाज व्हायच्या आणि अगदी जवळ आल्यावरच होड्या. म्हातारपणी सगळ्यांचंच जग असं होत असेल, असं समजून ती त्यात सुखानं वावरत होती. कुणाला सांगण्यासारखं त्यात आहे असं तिला वाटलंच नाही.

अशा धुक्यात एके दिवशी तिला समुद्र दिसला. दुकानाच्या आतल्या काळोख्या कोपऱ्यात, काचेच्या कपाटात, काळ्या मखमलीवर एक फोन उभा होता आणि त्यात समुद्र चालला होता. वरोरचा नव्हे. वरोरचं पाणी चहाच्या रंगाचं, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. हे पाणी निळं, आरपार. वरून उन्हाच्या दोऱ्या खाली सोडलेल्या आणि खाली तळाला पांढरी वाळू, नुकती कुणी हातानं सारवल्यासारखी.

चंद्रावती पाटी डोक्यावर तशीच ठेवून बघत राहिली.

तिचा नवरा नारू, प्रवीण शाळेत असताना, होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडीही आली नाही. लोकांनी सांत्वन केलं, दिवस केले, सगळं झालं. पण एक गोष्ट तिनं कधी कुणाला विचारली नव्हती: खाली कसं असतं? इतकी वर्षं तिच्या मनात नारू चिखलात होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो पांढऱ्या वाळूवर जाऊन पडला, कूस बदलून, दुपारचा झोपायचा तसा.

"मासी, आत या ने! पंख्याखाली बसा," जिग्नेशनं हाक मारली. पोरगा गोड बोलायचा. गिऱ्हाईक पायरीवर असतं तोवर त्याची जीभ मधात असते, असं लाडकी म्हणायची.

"हा केवढ्याचा?"

"सव्वा लाख."

"अरे मेल्या, आख्ख्या होडीचं जाळं येईल त्यात!"

"जाळ्यात फोटो निघतो का, मासी?" जिग्नेश हसला. मग प्रामाणिकपणाचा झटका आल्यासारखा म्हणाला, "तुम्हाला समुद्रच बघायचाय ना? हाच व्हिडिओ या बारा हजारवाल्यात पण आहे. घ्या, बघा."

तिनं तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पदरानं पुसला. "यात धुकं आहे."

जिग्नेशला कोण आनंद झाला! त्यानंतर कुणी महागड्या फोनापुढे का-कू करायला लागलं की तो सांगायचा, "अरे, सुकी मासळी विकणारी आमची मासी! तिला पण फरक दिसतो. तुम्हाला नाही दिसत?" त्यावर गिऱ्हाईक ओशाळून हप्ते विचारायचं. बारा हजारांतही बोलता येतं आणि सव्वा लाखातही तेवढंच बोलता येतं, असं रिक्षावाला चिमण बाहेरून ओरडायचा. पण ओशाळलेल्या माणसाला ते ऐकू जात नाही.

चंद्रावतीनं आपल्या पद्धतीनं विचार केला. ओली मासळी दुपार कलली की उतरते, सुकी ठेवली की पावसाळ्यात चढते. मग हा फोन ओला की सुका?

"जिग्नेश, हा ठेवला तर भाव चढतो की उतरतो?"

"उतरतो मासी. पुढच्या वर्षी नवा आला की हा उतरणार."

"म्हणजे ओला," चंद्रावती म्हणाली आणि निश्चिंत मनानं रिक्षात बसली. ओल्या मालाला घाई करायची नसते. थांबायचं.

ती वर्षभर थांबली. बाजाराच्या दिवशी घटकाभर उभी राहायची, नारूची वाळू बघायची आणि जायची. वर्षानं खरंच त्या फोनाचा भाव उतरला. तिनं ऐटीत तो हातात मागितला, डोळ्याशी धरला आणि तिचं तोंड उतरलं.

"शिळा झाला रे हा. पाणी गढूळ झालंय यातलं."

"मासी, हा काय बोंबील आहे?"

"मग हे काय? वाळू दिसत नाही."

जिग्नेशनं निमूट नवा फोन पुढे केला. दीड लाख. पडदा आणखी मोठा, उजेड आणखी झगझगीत. पांढरी वाळू पुन्हा वर आली. "हा ताजा आहे," चंद्रावती म्हणाली आणि पुन्हा थांबायचं ठरवून निघाली. पुढल्या वर्षी तोही तिच्या लेखी शिळा झाला आणि पावणेदोन लाखांचा आला. त्यात वाळू होती, पण जेमतेम. पहाटेच्या दवात असावी तशी.

तेव्हा मात्र ती घाबरली. भाव वर पळतोय आणि समुद्र मावळतोय. आणखी थांबलं तर पुढच्या वर्षी कुठल्याच फोनात नारूची वाळू उरायची नाही. त्या रात्री तिनं पाटल्या काढल्या. नारूनं केलेलं तेवढं एकच सोनं तिच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात तिचे हात मोकळे बघून लाडकीचे डोळे लकाकले.

"काय गं चंद्री, पाटल्या कुठं? नवऱ्याला भेटायला तिकीट लागतं वाटतं आता?"

"तुला काय करायचंय? तुझा नवरा घरात आहे, तर तू त्याच्याकडे बघत नाहीस."

"बघण्यासारखं काही असेल तर बघू ना!" लाडकी म्हणाली आणि आजूबाजूच्या पाट्यांवर हशा पिकला. पण हसता हसता तिनं भाविकाला फोन लावला. लाडकी चहाडखोर खरी, पण पाटल्या जाताना गप्प बसणारी नव्हे.

भाविका रिक्षा करून आली तेव्हा सासू दुकानात स्टुलावर बसली होती. पाटल्या बांधलेला रुमाल तिच्या मुठीत होता. समोर पावणेदोन लाखांचा समुद्र.

"आय, हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस. बघ, तूच बघ. या स्वस्तातल्यात धुकं आहे, मागच्या वर्षीच्यात गढूळ आहे, आणि या नव्यात वाळू दिसते. खोटं सांगते का मी?"

भाविकानं एकामागून एक सगळे फोन बघितले. मग स्वतःचा, कोपऱ्यात तडा गेलेला फोन काढला, जिग्नेशकडून तोच व्हिडिओ त्यात घेतला आणि तोही शेजारी ठेवला.

"आय, सगळ्यांत सारखीच वाळू आहे. माझ्यात पण."

"तुझ्या फोनात मला काहीच दिसत नाही."

भाविकानं सासूचा चेहरा हळूच रस्त्याकडे वळवला. पलीकडे, चिमणच्या रिक्षाला टेकून, काय होतंय ते बघायला लाडकी येऊन उभी होती.

"ती कोण उभी आहे, सांग."

चंद्रावती बराच वेळ बघत राहिली. "असेल कुणी बाई," ती म्हणाली.

चाळीस वर्षं पाटीला पाटी लावून बसलेली बाई. भाविकानं सासूच्या मुठीतला रुमाल काढून घेतला आणि पाटल्या तिथेच, सगळ्यांदेखत, तिच्या हातात चढवल्या. जिग्नेशनं फोन कपाटात ठेवले. या वेळी त्याची जीभ मधात नव्हती. "मासी, तलासरीला डोळ्यांचं शिबिर लागतं. मी नाव नोंदवतो," एवढंच तो म्हणाला.

आधी एक डोळा झाला, काही दिवसांनी दुसरा. पट्टी निघाली तेव्हा भाविका समोर होती आणि तिच्यामागे, अर्थातच, लाडकी.

"अगंबाई, लाडके! तू केवढी म्हातारी झालीस गं!"

"आणि तू काय, आरसा बघितला नाहीस अजून?" लाडकी म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून उगाच नाक शिंकरू लागली.

घरी आल्यावर चंद्रावती आधी किनाऱ्यावर गेली. समुद्र चहाच्या रंगाचाच होता. मांडवावरचा एकेक बोंबील वेगळा दिसत होता, दूरवर होडी होडीसारखी दिसत होती, चिमणी आपल्या जागी सरळ उभी होती. दिव्यांभोवतालची फुलं तेवढी गेली. त्यांची तिला थोडी चुटपुट लागली, ती तिनं कुणाला सांगितली नाही. मग ती वाळूत बसली आणि गढूळ पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली. वरून उन्हाच्या दोऱ्या त्याही पाण्यात उतरत होत्या. थोड्या अंतरावर दिसेनाशा व्हायच्या, पण उतरत होत्या.

पुढच्या बाजारी ती जिग्नेशला सुक्या बोंबलांची जुडी द्यायला गेली. कपाटात नवा फोन आला होता, भाव आणखी चढलेला. तिनं तो बघितला, मग बारा हजारवाला बघितला.

"यात आणि त्यात फरक काय रे?"

"आता तुम्हीच सांगा, मासी."

"दोन्हीकडे मासे रंगीत आहेत आणि एकही खाण्यातला नाही," चंद्रावती म्हणाली आणि चिमणच्या रिक्षाकडे निघाली.

कुजबुज मात्र अजून बाजारात फिरते. आता फोन तीन लाखांवर गेला आहे आणि नारू हात हलवतो म्हणे.

चंद्रावतीनं तो फोन कधी घेतला नाही आणि त्यात तिला नारू कधी दिसला नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.